पूर्वपक्षावर उठलेली सभा

परतूरच्या माणसांचा हात टाळ्यांना फार सैल होता. कुणी बोलायला उभं राहिलं की टाळ्या, खाली बसलं की टाळ्या, मधेच ठसका लागून पाणी मागितलं तरी टाळ्या. सभा म्हटली की आधी अध्यक्षांना हार, मग पाहुण्यांना हार, मग हार आणणाऱ्याला नारळ. त्यानंतर "मी दोनच शब्द बोलणार आहे" म्हणून तासभर भाषण, आणि शेवटी ज्यांनी सतरंजी दिली त्यांचेही आभार. एवढ्या सगळ्यात कुणी हात वर करून "पण हे असं कसं?" विचारलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. शंका काढायची ती पंगतीत, वरणात मीठ पडलं की नाही एवढीच; तीसुद्धा शेजारच्याच्या कानात.

राज्य निजामाचं होतं, हे खरं. सभेला परवानगी लागायची, खानगी म्हणजे खासगी शाळेला मंजुरी लागायची, आणि जास्त बोलणाऱ्याच्या दारात शिपाई उभा राहायचा. पण चार भिंतींच्या आत आपल्याच माणसाला "दादा, तुमचं हे चुकलं" म्हणायला कोणत्या फर्मानानं मनाई केली होती? ती मनाई गावानं स्वतःच स्वतःवर घालून घेतली होती, आणि वर तिला वळण म्हणत होतं. अरुंधतीबाईंचं डोकं फिरायचं ते इथं.

अरुंधतीबाई मुलींच्या खानगी शाळेत मास्तरीण होत्या. मूळच्या भोकरदनच्या. नवरा हैदराबादला नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. बोलावणं आलं नाही. बाईंनी एक दिवस वाट पाहणं सोडून दिलं आणि मास्तरकीची परीक्षा दिली. अंगानं बारीक, आवाज मात्र असा की दुधना नदीच्या या काठावर त्यांनी पाढा म्हटला तर त्या काठावरच्या गुराख्यानं पुढचा म्हणावा.

वडील गिरिधरशास्त्री, म्हणजे नाना, घरी दोन-चार विद्यार्थ्यांना तर्कशास्त्र शिकवायचे. वादाला दोन बाजू लागतात, आणि विद्यार्थी कधी पुरे पडायचे नाहीत. मग नाना स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारायचे, "अरुंधती, ये, पूर्वपक्षाला बस." पूर्वपक्ष म्हणजे आधी मांडायची ती विरुद्ध बाजू, पुढं जी खोडली जायची. पोरगी पिठाचे हात तसेच घेऊन बसायची आणि दर वेळी हरायची. पण हरायचीसुद्धा रीत होती. नाना म्हणायचे, "समोरच्याचं म्हणणं असं मांड, की त्यानंच मान डोलवली पाहिजे. हो, हेच म्हणायचं होतं मला, फक्त इतकं नेटकं सुचलं नव्हतं. मग खोड. तोवर खोडायचा तुला अधिकार न्हाई." दुसऱ्याचं म्हणणं अर्धंमुर्धं मांडून खोडणाऱ्याला नाना पंडित म्हणत नसत. बुजगावण्याशी कुस्ती खेळणारा पैलवान म्हणत.

ही रीत बाईंनी परतूरच्या चौथीत आणली. दर शनिवारी दप्तरं बंद. एकीनं उठायचं, आधी विरुद्ध बाजू मांडायची, घोटभर पाणी प्यायचं आणि मग तीच बाजू आपणच खोडायची. पाण्याचा घोट सुटायचा नाही. "एका तोंडानं दोन बाजू बोलायच्या तर मधे तोंड धुतलं पाहिजे," बाई म्हणायच्या.

शंका बाईंवर काढायचीसुद्धा मुभा होती. एकदा भूगोलात त्या म्हणाल्या की नदी गावाला जीवन देते. मागून एक बारीक आवाज आला, "बाई, आपली दुधना उन्हाळाभर कोरडी असते. तेव्हा काय देते?" दुसऱ्या शाळेत छडी मिळाली असती. बाई थांबल्या, म्हणाल्या, "शंका घेतली. सोमवारी उत्तर देते." आणि सोमवारी खरंच सगळ्या वर्गाला नदीत नेऊन वाळूत खड्डा करायला लावला. हातभर खाली पाणी लागलं. "एवढंच सापडलं मला," बाई म्हणाल्या, "पुरं न्हाई, पण आहे ते हे."

गावाला हे कुठलं पचायला. पोरींना घरोघरून गोळा करून शाळेत आणणारी तुळजाबाई रोज सकाळी एकेका घराचा राग पदरात बांधून आणायची आणि शाळेच्या ओट्यावर मोकळा करायची.

"बाई, लई झालं आता. त्या देशपांड्याची म्हातारी म्हणून राह्यली, नात मला म्हणती, आजी, तुमचा मुद्दा समजला, आता उत्तर ऐका. आजीला असं बोलत्यात का?"

"मग नातीचं उत्तर चुकीचं होतं का?"

"ते कुणाला ठावं. म्हातारीनं ऐकलंच न्हाई. कानात बोटं घालून बसल्ती."

"मग राग कशाचा आला तिला?"

तुळजाबाईनं बाईंकडं असं पाहिलं, जणू चुलीनंच विचारलं होतं की मी गरम का आहे.

वर्गात सगळ्यात तरतरीत पोरगी होती तारा. तिचे वडील नरहरपंत तहसील कचेरीत कारकून, आणि शाळेच्या कमिटीचे चिटणीस. नरहरपंतांच्या तोंडात एकच शब्द घर करून होता, "बराबर." तहसीलदार बोलले, बराबर. शेजारी बोलला, बराबर. दोघं एकमेकांच्या उलट बोलले, तरी दोघांचंही बराबर. आणि त्यांच्या पोटी ही पोरगी अशी, की गावातला कोणताही माणूस तिच्या तोंडून हुबेहूब बाहेर पडायचा. मारवाड्याच्या दुकानातलं घासाघीस करणं, स्टेशनमास्तरचं नाकातून बोलणं, कमिटीच्या अध्यक्षांचं, काकासाहेबांचं खाकरणं. पोरी हसून हसून पोट धरायच्या.

बाई हसायच्या नाहीत. म्हणजे आतून हसायच्या, पण वरून म्हणायच्या, "तारा, तू तुझ्या आजीला माकड करून दाखवलंस. पुन्हा मांड. आजीनं ऐकलं तर तिला त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे." तारा तोंड वाकडं करायची आणि पुन्हा मांडायची. दुसऱ्या खेपेला हसू कमी यायचं, पण वर्ग गप्प व्हायचा. बाईंना ते गप्प होणं पाहिजे होतं.

त्या साली शाळेत एक मोठी गोष्ट व्हायची होती. शाळा चौथीपर्यंतच होती. चौथी झाली की पोरी घरी, आणि घरून थेट मांडवात. बाईंनी अर्जावर अर्ज करून पाचवीची मंजुरी मिळवली होती. जागा दिली होती अध्यक्ष काकासाहेबांनी. काकासाहेब जवळच्याच गावचे जमीनदार, शाळेला लागून त्यांची एक खोली होती, ती त्यांनी "पोरींसाठी दिली, जा, समजलं का" म्हणून देऊन टाकली होती. आता वार्षिक समारंभाला येऊन त्यांनी जाहीर करायचं, की पाचवी सुरू. एवढंच राहिलं होतं.

समारंभात पोरींनी काय करावं? नरहरपंत म्हणाले, स्वागतगीत. बाई म्हणाल्या, स्वागतगीत होईलच, पण पाचवी उघडायची तर पोरींना काय येतं ते लोकांना दिसू द्या. विषय ठेवला: मुलींनी चौथीच्या पुढं शिकावं का? बोलणार तारा. आधी पूर्वपक्ष, म्हणजे शिकू नये. मग घोटभर पाणी. मग त्याचं उत्तर.

"बराबर," नरहरपंत म्हणाले. त्यांनी ऐकलं किती ते देव जाणे.

तारा महिनाभर गावातून मुद्दे वेचत हिंडली. विहिरीवर, ओट्यावर, हळदीकुंकवात, घरी बापाच्या जेवणाच्या पानाशी. जे जे म्हणतात ते सगळं तिनं गोळा केलं, बाईंनी ते घासून घेतलं, टिंगल काढून टाकली, आणि उरलं ते इतकं चोख झालं की एकदा सराव ऐकताना बाईंच्याच मनात आलं, लोक म्हणतात त्यात काहीतरी असेल की काय. त्या खूश झाल्या. नाना असते तर त्यांनी मान डोलवली असती.

समारंभाच्या दिवशी काकासाहेब छकड्यातून आले, फेटा, लांब कोट, खाकरून घसा साफ. हार झाले, नारळ झाले, स्वागतगीत झालं. मग तारा उठली.

"वडीलधाऱ्यांनो, मुलीला अक्षरओळख हवी, हे कुणीच नाकारत नाही. दुकानाचं चिठोरं वाचता यावं, माहेरी चार ओळी लिहिता याव्यात, पोथी वाचता यावी. ते चौथीत येतं. त्यापुढं जास्त वाचलं तर डोळे जातात, आणि डोळ्यांनी अधू मुलीला स्थळ मिळवणं बापाला किती जड जातं ते बापच जाणे. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं. जास्त शिकलेली मुलगी घरात वाद घालते. आज सासूशी, उद्या जावेशी. वादानं मनं फाटतात, मनं फाटली की घर फुटतं, घर फुटलं की वावराचे तुकडे होतात. आपल्या बापजाद्यांनी बांध राखले ते ओरडून नाही, गप्प बसून राखले. मुलीला गप्प बसणं शिकवणं हीच मोठी विद्या."

सभा चिडीचूप झाली होती. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. तारा थांबली, फुलपात्र उचललं आणि ठरल्याप्रमाणे पाण्याचा घोट घेतला.

आणि टाळ्या पडल्या. अशा पडल्या की कोपऱ्यातलं कुत्रं उठून पळालं. टाळ्यांच्या आवाजातच काकासाहेब उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"वा पोरी, वा. बिलकुल माझ्या मनातलं बोललीस. मलाच असं जमलं नसतं, समजलं का? आता बघा मंडळी. आम्ही पाचवीची मंजुरी आणली. आणली का न्हाई? आणली. जागा दिली. दिली का न्हाई? दिली. आमच्याकडून कसूर न्हाई. पण आता पोरीच सभेत उभ्या राहून म्हणून राह्यल्या की आम्हाला नको, मंग आपण कोण लादणार? जबरदस्तीची विद्या काय कामाची? पाचवी राहू द्या. या पोरीला माझ्याकडून एक लुगडं बक्षीस. मला जालन्याची गाडी धरायची हाय, समजलं का, मी निघतो."

बाई उठल्या. "काकासाहेब, थांबा, अजून उत्तर व्हायचंय. हा नुसता पूर्वपक्ष—"

"उत्तर कशाला आता, बाई? प्रश्नच मिटला," काकासाहेब प्रेमानं म्हणाले, आणि नरहरपंतांनी "बराबर" म्हणून आभार मानायला सुरुवात केली. बाईंचा तो एवढा मोठा आवाज, नदीपार जाणारा, आभारांखाली आणि टाळ्यांखाली बुडून गेला. तारा हातात फुलपात्र घेऊन उभी होती. कुणी तिला बस म्हटलं नाही, की बोल म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई नरहरपंतांच्या दारात.

"नरहरपंत, काल अर्धी सभा झाली. अर्धी बाकी आहे. तुम्ही चिटणीस आहात, पुन्हा बोलवा."

"बराबर आहे तुमचं, बाई. पण काकासाहेबांना कोण म्हणणार की तुम्ही अर्ध्यातून उठलात? ती टीका होईल."

"होऊ द्या की."

"बाई, टीका म्हणजे..." नरहरपंतांनी इकडं तिकडं पाहिलं, जणू भिंतीपलीकडं कुणी तो शब्द ऐकत असेल. "मोठ्या माणसाचा अपमान तो."

"आमच्या नानांनी पोथ्यांवर टीका लिहिल्या. अपमान करायला लिहिल्या का? ज्याचं म्हणणं मोलाचं, त्याचंच म्हणणं माणूस तपासून घेतो. फुटक्या मडक्याला वाजवून कोण बघतं? तुम्ही काकासाहेबांना वाजवून बघायला भिता, म्हणजे तुम्हालाच खात्री न्हाई त्यांची. मान तुम्ही देत न्हाई, मी देऊन राह्यले."

नरहरपंतांच्या तोंडात "बराबर" आलं आणि त्यांनी ते गिळलं. मग हळूच म्हणाले, "आणि दुसरं म्हणजे, सेलूच्या पाहुण्यांकडून विचारणा आली. काल सभेलाच होते ते. अशी समजूतदार मुलगी पाहिजे म्हणतात. आता सगळ्या गावासमोर पोरगी बोलली की शिकू नये. मी तिला पाचवीत घालू तर लोक म्हणतील, बापापेक्षा पोरीला अक्कल जास्त."

"आहेच," बाई म्हणाल्या.

तारा परसात पापड उलटत होती. बाईंना पाहून उठली नाही.

"बाई, शंका आहे."

"विचार."

"तुम्ही शिकवलं, समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की त्याला आपलंच वाटावं. वाटलं. मग तो तिथंच उठला तर काय करायचं, ते न्हाई शिकवलं."

बाईंनी वाकून एक पापड उलटला.

"तुमच्या नानांकडं ऐकणारेसुद्धा शिकलेले होते. पाण्याचा घोट म्हणजे अजून संपलं न्हाई, हे त्यांना ठाऊक होतं. इथं कुणाला ठाऊक होतं? तुम्ही आम्हाला बोलायला शिकवलं, खुर्चीवर बसणाऱ्यांना ऐकायला कुणी शिकवलं? ते तुम्ही पाह्यलंच न्हाई. आणि आता माझंच बोलणं माझ्या गळ्यात बांधून मला सेलूला पाठवून राह्यले."

बाईंनी आयुष्यात कैक शंका घेतल्या होत्या. ही घेताना खाली बसावं लागलं.

"शंका बराबर आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी."

"चूक कबूल केल्यानं पाचवी होत न्हाई, बाई."

"ते पण बराबर आहे."

घरी येताना बाई रस्त्यानं मोठ्यानं बोलत चालल्या होत्या. लोक बाजूला सरकत होते. राग काकासाहेबांचा होता, टाळ्या वाजवणाऱ्यांचा होता, आणि आता स्वतःचासुद्धा होता. त्यातच त्यांना नाना आठवले, आणि बाहेरगावचा तो शास्त्री, जो वाद ऐन रंगात आला असताना "पान वाढलंय" म्हणून उठला होता. नाना त्याला म्हणाले होते, "जेवा. पण हरून जेवा." काम काढून वादातून उठणं हा तर्कशास्त्रात पराभव धरतात. त्याला नाव आहे, विक्षेप. बाई भर रस्त्यात थांबल्या, आणि मागून येणाऱ्या तुळजाबाईला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की बाईंना लागिर झालंय.

कमिटीची बैठक त्याच खोलीत भरली, जी पाचवीसाठी दिली होती. अर्ध्या खोलीत सरकीची पोती आधीच येऊन पडली होती. काकासाहेबांची सरकी. फळ्यापुढं थप्पी लावली होती, आणि मेंबर लोक त्या पोत्यांवरच मांडी घालून बसले होते. बाईंनी पोती एकदा नजरेनं मोजली. पोरींची मर्जी, पोरींची मर्जी म्हणत होते, आणि मर्जी ही होती.

त्या ताराला हाताशी धरून आत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "काकासाहेब, त्या दिवशी तुम्ही हरलात. ते लिहून घ्यायला आले."

पोत्यांवर कुणीतरी खोकलं. नरहरपंतांनी टाक दौतीत बुडवला तो बाहेर काढायचा विसरले.

"मी?" काकासाहेब म्हणाले. "हरलो? कुणाकडून?"

"या चौथीतल्या तारेकडून."

"बाई, तब्येत बरी हाय ना तुमची?"

"काकासाहेब, तुम्ही विहिरीचा दावा इतकी सालं लढवून राह्यलात. एक तरी तारीख चुकवली?"

"बिलकुल न्हाई. मरणाचा ताप होता, तरी खाटेवर घालून नेल्तं मला कोर्टात."

"का?"

"का म्हणजे? गैरहजर राह्यलं की मुन्सफ एकतर्फी निकाल देतो, समजलं का?"

"समजलं. तुम्ही त्या दिवशी एक बाजू ऐकली आणि दुसऱ्या बाजूला गैरहजर राहिलात. निकाल एकतर्फी लागला. तुमच्याविरुद्ध."

काकासाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग कोर्टातल्या माणसाचा झाला. ज्यानं भावाशी विहिरीवरून अर्धं आयुष्य दावा चालवला, त्याला शिवी लागत नाही, पण "गैरहजर" हा शब्द लागतो. त्यांनी खाकरलं, पोत्यावर नीट सावरून बसले.

"बोल पोरी. घे, मी हजर हाय. सगळं ऐकतो."

तारा बोलली. या वेळी कुणाचा आवाज नाही, कुणाचं खाकरणं नाही, तिचा स्वतःचाच आवाज. म्हणाली, वाचून डोळे जातात म्हणता, तर चुलीच्या धुरानं आमच्या आयांचे गेले, त्या चुली कुणी बंद करा म्हटलं नाही. म्हणाली, चौथीत पोथी वाचता येते पण कळत नाही. जो सांगेल त्याचं खरं मानावं लागतं. म्हणून तर तुम्हाला चौथी पुरेशी वाटते. मग थांबली, बापाकडं पाहिलं, आणि तिसऱ्या मुद्द्याला आली.

"शिकलेल्या बाईनं घर फुटतं, असं मीच म्हटलं होतं. परतुरात आणि भोवतालच्या गावांत जी घरं फुटली, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. कुणाचं बांधावरून, कुणाचं विहिरीवरून. त्या घरांतली एक तरी बाई चौथी झालेली होती का? बाया तर गप्पच बसल्या होत्या. मग भांडलं कोण?"

पोत्यांवरचे लोक आपापल्या बोटांकडं पाहायला लागले. कारण भोवतालच्या गावांतलं सगळ्यांत मोठं फुटलेलं घर त्यांच्यासमोरच बसलं होतं.

काकासाहेबांनी खाकरून घसा साफ केला. मग म्हणाले, "छान. पोरगी हुशार हाय, कबूल. ऐकलं मी, शेवटपर्यंत ऐकलं, आता कुणी गैरहजर म्हणू नये. नरहर, लिही. पाचवी बंद."

बाईंना वाटलं होतं, ऐकलं म्हणजे झालं. इथं तर माणूस सगळं ऐकून, मान डोलवून, होता तिथंच बसला होता. न ऐकणाऱ्याला निदान कानात बोटं घालायचे कष्ट तरी पडतात. बाई एक पाऊल पुढं सरकल्या. "काकासाहेब, ऐकलंत तर मग उत्तर—"

"काकासाहेब," नरहरपंत म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण नरहरपंत कधी पहिला शब्द बोलत नसत. त्यांची मान खाली होती. कान लाल झाले होते.

"न्हाई म्हणजे, लिहायचंय म्हणून विचारतो. कचेरीचा रिवाज असा आहे, की एतराज, म्हणजे हरकत, आला की त्याच्यासमोर जवाब लिहावा लागतो. पहिल्या मुद्द्याला काय लिहू?"

"लिही, डोळे वाचूनबी जात्यात, धुरानंबी जात्यात."

"बराबर. दुसऱ्याला?"

"लिही, पोथी सांगायला महाराज हायेत."

"बराबर. आणि तिसऱ्याला? पोरीनं विचारलंय, भांडलं कोण. काय जवाब लिहू?"

बाहेर एक बैल मान हलवत होता, त्याच्या घुंगरांचा आवाज आत येत होता.

"नरहर, तू मला विचारून राह्यला?"

"न्हाई काकासाहेब, मी कोण विचारणार. एतराज विचारून राह्यला. तिथं कोरं सोडता येत न्हाई."

काकासाहेबांनी पोतं चाचपलं, फेटा चाचपला. मेंबरांकडं पाहिलं. मेंबरांना सरकी एकाएकी फार बघण्यासारखी वाटायला लागली होती.

"लिही..." ते म्हणाले, "लिही, जेरे-गौर."

जेरे-गौर म्हणजे विचार चालू आहे. सरकारात ज्या कागदाचं काय करायचं ते कुणालाच सुचत नाही, त्यावर हे दोन शब्द पडतात. नरहरपंतांनी ते वळणदार अक्षरात लिहिले आणि टाक खाली ठेवला.

"मंग काकासाहेब, जवाब येईपर्यंत आधीचा हुकूम कायम राहतो. आधीची मंजुरी पाचवी सुरू करायची आहे. म्हणजे तोवर पाचवी सुरू."

"असा कायदा हाय?"

"दफ्तराचा रिवाज आहे."

"आणि माझी सरकी?"

"ती हलवावी लागेल," नरहरपंत म्हणाले, आणि मग सवयीनं, कुणी काही बोललेलं नसताना, आपल्याशीच पुटपुटले, "बराबर."

सेलूच्या पाहुण्यांनासुद्धा त्यांनी तेच कळवलं. जेरे-गौर.

पाचवी सुरू झाली. पुढच्या साली सहावी जोडली गेली, कारण पाचवीला आडवं जाणारा जवाब अजून आला नव्हता, आणि जवाब नाही म्हणून सहावीलाही कुणी आडवं गेलं नाही. गावात दंगेधोपे सुरू झाले, पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेरीतली भाषा बदलली. ताराच्या वर्गातल्या पोरी पुढं गेल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. लोक रस्त्यात बाईंना थांबवून म्हणायचे, "बाई, शेवटी तुम्ही जिंकल्या."

की बाईंच्या अंगाचा तिळपापड.

"जिंकले कसली? जिंकायला समोरच्यानं हरावं लागतं, न्हाई तर मानावं लागतं. यांनी दोन्ही केलं न्हाई. पोरीचा मुद्दा खरा म्हणाले? न्हाई. खोटा म्हणून खोडून दाखवला? तेही न्हाई. नुसता बाजूला सारला. जुनी चप्पल सारतात तसा. पाचवी चालली ती पोरींच्या बुद्धीनं न्हाई चालली, यांच्या आळसानं चालली. याला मी विद्या म्हणू?"

लोकांना वाटायचं, बाईंना समाधानच नाही. खरं होतं. दर साली कमिटीची पहिली बैठक भरली की बाई काम सुरू व्हायच्या आधी उभ्या राहायच्या.

"काकासाहेब, तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर?"

"विचार करून राह्यलो, बाई."

एका साली, राज्य गेल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत, काकासाहेब वैतागले. ते थकले होते, विहिरीचा दावा हरले होते, फेटा सैल बसायला लागला होता.

"बाई, पाचवी चालू हाय. सहावी चालू हाय. पोरी शिकून राह्यल्या, कुणी अडवत न्हाई. मंग उत्तर तुम्हाला कशाला पाहिजे, ते तरी सांगा."

"पाचवी पोरींना पाहिजे होती, ती त्यांना मिळाली," बाई म्हणाल्या. "उत्तर मला पाहिजे. चुकीचं असलं तरी चालेल, काकासाहेब, मी खोडीन. पण द्या."